मैदान कुणाचं? ब्रिटिश काळातील मुंबईचं क्रिकेट, जिमखाने आणि पालवणकर बंधू

मुंबईत मरीन ड्राईव्हवरून जाताना एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला ओळीने जिमखाने. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. पाट्या वाचल्या की प्रश्न पडतो. खेळाच्या मैदानांना धर्मांची नावं कशी पडली?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना ब्रिटिश राजवटीतील खेळांचा इतिहास उलगडत जातो. क्रिकेट साहेबांनी भारतात आणलं ते स्वतःपुरतं. इथल्या लोकांनी ते पाहून उचललं, त्यात साहेबांना हरवलं आणि बरोबरीचा दावा केला. पण ही बरोबरी मागणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातही उच्चनीच होती आणि तीही याच मैदानावर उघडी पडली.

खेळ आला कसा?

भारतात क्रिकेट खेळल्याची सर्वात जुनी नोंद १७२१ सालची आहे. गुजरातमधील खंबातजवळ इंग्रज खलाशांनी वेळ घालवण्यासाठी हा खेळ मांडला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९२ पर्यंत कलकत्त्यात गोऱ्या लोकांचा क्रिकेट क्लब उभा राहिलेला होता.

पुढची बरीच वर्षं हा खेळ छावण्या आणि क्लबांमध्येच राहिला. लष्करी अधिकारी, व्यापारी आणि सनदी नोकर खेळायचे. भारतीय माणूस तिथे असायचा तो चेंडू आणून देणारा, पाणी देणारा किंवा रोलर ओढणारा म्हणून. एतद्देशीयांना क्रिकेट शिकवावं अशी सरकारची कोणतीही योजना सुरुवातीला नव्हती. 'खेळातून शिस्त आणि चारित्र्य घडतं' हा विचार इंग्रजी शाळा-कॉलेजांमधून पसरला, तो नंतर.

पारशी मुलं आणि मैदानावरचे घोडे

मुंबईत हा खेळ आधी उचलला पारशी तरुणांनी. १८४८ मध्ये त्यांनी 'ओरिएंटल क्रिकेट क्लब' काढला. भारतीयांनी स्थापन केलेला हा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. व्यापारामुळे पारशी समाजाचा इंग्रजांशी रोजचा संबंध होता आणि घरात पैसाही होता. हिंदू तरुणही लवकरच खेळू लागले, पण त्यांचे क्लब बरेचदा जातीनुसार किंवा भाषेनुसार बनले. गौड सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा.

१८७५ मध्ये 'बॉम्बे जिमखाना' स्थापन झाला. तिथे सभासदत्व फक्त युरोपियनांना होतं. त्यांची हिरवळ राखीव होती. भारतीय मुलं शेजारच्या मोकळ्या मैदानावर खेळायची. पण गोरे अधिकारी त्याच मोकळ्या मैदानावर पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि दुसऱ्या दिवशी तिथे क्रिकेट खेळणं धोक्याचं व्हायचं.

१८८१ मध्ये भारतीय खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. म्हणणं साधं होतं: आठवड्यातून काही दिवस पोलो खेळणाऱ्या मूठभर लोकांसाठी शेकडो मुलांचं मैदान का खराब करायचं? सरकारने आधी पोलो दुसरीकडे हलवला, पण जिमखान्याच्या दबावामुळे लवकरच निर्णय फिरवला. या लढ्यात पुढे असलेल्या शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास पुस्तकरूपाने लिहिला. त्यात या पोलो प्रकरणाची हकिकत आहे.

अर्जांनी जे झालं नाही ते खेळाने झालं. पारशी संघ १८८६ मध्ये इंग्लंडला गेला. २८ सामन्यांपैकी फक्त १ जिंकता आला आणि १९ हरले. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये ते पुन्हा गेले. या वेळी ३१ पैकी ८ सामने जिंकले. वेगवान गोलंदाज डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी त्या दौऱ्यात १७० गडी बाद केले. मग जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ भारतात आला, तेव्हा मुंबईत पारशांनी त्यांना ४ गडी राखून हरवलं. त्या दौऱ्यातला पाहुण्यांचा तो एकमेव पराभव होता. 'नेटिव्हां'च्या शरीरबळाविषयी साहेबांचं जे मत होतं, त्याला पहिला मोठा धक्का बसला.

जिमखाने धर्मानुसार का वाटले गेले?

१८९० ते १८९५ या काळात लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. क्रिकेटमुळे साम्राज्याशी निष्ठा वाढेल यावर त्यांचा विश्वास होता. मात्र गोऱ्यांनी आणि भारतीयांनी एकाच क्लबात बसावं, असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या सुमारास समुद्र हटवून केनेडी सी-फेसची नवी जमीन तयार झाली होती. आजचा मरीन ड्राईव्ह तेव्हा नव्हता. पारशी जिमखाना १८८५ मध्ये स्थापन झाला होता आणि त्याला इथे जागा मिळाली होती. ते पाहून मुस्लिम आणि हिंदू पुढाऱ्यांनीही जागा मागितली. १८९२ मध्ये इस्लाम जिमखाना आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना उभा राहिला. देणगीदार कुटुंबामुळे हिंदू जिमखान्याला परमानंददास जीवनदास यांचं नाव मिळालं.

सरकारचं धोरण होतं की प्रत्येक समाजाला एक जिमखाना दिला की पुरे. 'नागरिक' म्हणून कुणालाच मैदान मिळालं नाही. मिळालं ते पारशी, मुस्लिम किंवा हिंदू म्हणून. सारा दोष सरकारला देऊनही चालणार नाही. क्लब जातीधर्मानुसार आधीच बनत होते, अर्जही तसेच गेले होते. सरकारने त्या विभागणीला जमीन आणि कायमचा पत्ता दिला.

पुढच्या स्पर्धाही याच चौकटीत आल्या. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे 'प्रेसिडेन्सी' सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ पासून 'द रेस्ट' म्हणजे 'इतर' या नावाचा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा सर्वांना या 'इतरां'मध्ये जागा होती. सांगलीचे विजय हजारे धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे याच संघातून खेळले.

महिना ३ रुपये पगाराचा गोलंदाज

धर्मानुसार संघ बनले, पण हिंदू संघापुढे लवकरच एक अवघड प्रश्न आला. त्यांचा सर्वात चांगला गोलंदाज 'अस्पृश्य' मानल्या गेलेल्या समाजातला होता.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत होते. बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्यात वाढले आणि लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे नेटमध्ये फलंदाजांना सराव देण्यासाठी त्यांच्या हातात चेंडू आला. डावखुरी संथ फिरकी, अचूक टप्पा आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी यामुळे गोरे फलंदाज त्यांना शोधून सराव करू लागले. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना प्रत्येक वेळी ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. मात्र त्याच क्लबात बाळूंना कधी बॅट हातात मिळाली नाही. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची, अशी ती वाटणी होती.

चेंडू एकच, चहाचा कप वेगळा

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचं होतं. त्यासाठी बाळू हवे होते. संघातल्या काही सवर्ण खेळाडूंचा त्यांना विरोध होता. अखेर ते संघात आले, पण अटी अलिखित होत्या. मैदानावर ते त्याच चेंडूला हात लावायचे ज्याला बाकीचे लावायचे. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं पानही वेगळं असायचं.

विजय मिळत गेले तसं हे चित्र हळूहळू बदललं. साताऱ्यात युरोपियनांचा पराभव करण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. त्यानंतर पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्यांच्यासोबत खेळायला चालतं त्यांच्यासोबत जेवायला का चालत नाही, हा प्रश्न समाजसुधारक उघडपणे विचारू लागले.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला आले. पुढे त्यांना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यावरूनही कुरबूर झाली, पण त्यांच्या गोलंदाजीपुढे ती टिकली नाही.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू आणि युरोपियन संघांचा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ गडी टिपले. धाकटे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. वंगभंगाविरुद्धच्या स्वदेशी चळवळीचे ते दिवस. वृत्तपत्रांनी या विजयात दोन गोष्टी पाहिल्या: गोऱ्यांना हरवता येतं आणि जातीची अट सैल केली तर ते अधिक सोपं होतं.

१९११: एकाच उन्हाळ्यातल्या दोन घटना

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली 'ऑल इंडिया' संघ इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू, मुस्लिम आणि शीख खेळाडू होते. बाळू आणि शिवराम हेही होते. संघाला २३ पैकी फक्त ६ सामने जिंकता आले. बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले. वय तेव्हा पस्तिशीत होतं आणि खांदा दुखावलेला होता.

त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ रोजी, कलकत्त्यात फुटबॉलच्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. मोहन बागानच्या ११ पैकी १० खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. बंगाली माणूस दुबळा असतो, हे इंग्रजांचं आवडतं मत होतं. त्या दिवशी ते भर मैदानात खोटं ठरलं. मुंबईत क्रिकेटने जे घडवलं, ते बंगालमध्ये फुटबॉलने घडवलं.

कर्णधारपद का नाकारलं गेलं?

पालवणकर चार भाऊ: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. १९१० नंतर बाळू हे संघातले सर्वात अनुभवी खेळाडू होते, तरी कर्णधारपदासाठी त्यांचा विचार बाजूला पडत राहिला. संघात घेणं ही गरज होती, पण कर्णधार करणं म्हणजे सवर्ण खेळाडूंनी त्यांच्या आज्ञेत राहणं.

१९२० मध्ये हे प्रकरण पेटलं. ठरलेले कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. निवड समितीने बाळूंना संघातूनच वगळलं आणि कर्णधारपद वयाने व अनुभवाने लहान असलेल्या दि. ब. देवधर यांच्याकडे दिलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. कारण त्यांनी लपवलं नाही. हा जातीमुळे झालेला अन्याय आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. लोकमत त्यांच्या बाजूने गेलं. पुढच्या सामन्यासाठी पै परतले, दोन्ही भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यादरम्यान पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा काळ संघाचं नेतृत्व बाळूंकडे आलं.

पूर्ण मान मिळाला तो धाकट्या भावाला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवलं. देशात तेव्हा अस्पृश्यता निवारणाची चर्चा जोरात होती. अनेकांनी या विजयाचा संबंध त्या चर्चेशी जोडला. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं.

मैदानातून राजकारणात

बाळूंची लोकप्रियता इतकी होती की पक्षांनाही ते हवेसे वाटू लागले. १९३२ च्या पुणे करारावेळी ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. आंबेडकर जिंकले. पिचवर रोलर फिरवणाऱ्या मुलाचं नाव आता मतपत्रिकेपर्यंत पोहोचलं होतं, पण ज्या प्रश्नावर ही लढत झाली तो प्रश्न मैदानावर सुटलेला नव्हता.

देशी खेळांचं काय झालं?

विलायती खेळांच्या या लाटेत कुस्ती, मल्लखांब, खो-खो, हुतूतू मागे पडले का? पूर्णपणे नाही. उलट याच काळात त्यांना नवं रूप मिळालं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग कुस्ती मैदान १९१२ मध्ये सुरू झालं. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे लिखित नियम तयार केले. गावोगावी वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाणारा खेळ आता ठरावीक मापाच्या मैदानावर, ठरावीक वेळेत आणि पंचांच्या देखरेखीखाली आला. नियमपुस्तक, स्पर्धा, संघटना ही साहेबी खेळांची पद्धत देशी खेळांनीही स्वीकारली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली.

पंचरंगी स्पर्धा बंद का पडली?

चौरंगी आणि पंचरंगी सामने हा मुंबईचा उत्सव होता. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या आणि ११ षटकार ठोकले. हे पाहणारी गर्दी पुढे चौरंगी-पंचरंगीलाही येत राहिली. १९३७ पासून सामने ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरू लागले. १९३४ मध्ये प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा सुरू झाली होती, पण पंचरंगीची गर्दी तिला मिळत नव्हती.

विरोधही वाढत होता. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३, ही स्पर्धा झालीच नाही. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे जे. सी. मैत्रा यांच्यासारखे पत्रकार ती बंद करा असं लिहीत होते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला महात्मा गांधींना भेटलं. कॉलेज किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण धर्मावर आधारलेले संघ कशासाठी, असा गांधीजींच्या निवेदनाचा आशय होता.

स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक मुद्दा होता. मैदानावर दंगे झाले नाहीत, एकमेकांच्या खेळाला दाद मिळायची. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला अवघा १ गडी राखून हरवलं. मुस्लिम संघाचे के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. खेळाडूंमध्ये वैर नव्हतं, पण बाहेरचं राजकारण धर्माच्या नावावर देश तोडण्यापर्यंत गेलं होतं. त्या वातावरणात अशी स्पर्धा टिकणं शक्य नव्हतं. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती कायमची बंद झाली.

आज काय उरलं आहे?

मरीन ड्राईव्हवरचे जिमखाने त्यांच्या जुन्या नावांसह उभे आहेत. लॉर्ड हॅरिस यांचं नाव हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत टिकून आहे. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ मधली ६६४ धावांची भागीदारी याच स्पर्धेतली. पारशी क्रिकेटची आठवण डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने पावसाळ्यात भरणाऱ्या कांगा लीगमध्ये आहे. प्रा. देवधर यांच्या नावाने देवधर करंडक ही स्पर्धा खेळवली गेली.

बाळू पालवणकर यांचं ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झालं. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी साधारण १५, ही त्यांची नोंद. ज्या काळात ते खेळले त्या काळात भारताचा कसोटी संघ नव्हता. तो आला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. बीसीसीआयच्या प्रमुख देशांतर्गत स्पर्धांपैकी एकीलाही त्यांचं नाव नाही.